३६३ आकृत्या आणि एक लहान टाइपातलं नाव

ईडीच्या शीटवर बाण ओढायचा आणि बाजूला नाव लिहायचं, ही सवय आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला लागते. हेन्री व्हॅनडाइक कार्टरने मात्र शरीराच्या आकृत्या काढताना धमनीचं नाव धमनीच्याच अंगावर लिहिलं, ती वळेल तसं वळवून. मेडिकलवाल्यांच्या कपाटात ग्रेज अ‍ॅनाटॉमी असतेच. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या ३६३ आकृत्या कार्टरच्या. हा माणूस पुढे मुंबईत आणि साताऱ्यात नोकरी करत होता, हे कारेगावच्या खोलीवर वाचताना कळलं तेव्हा मी उठूनच बसलो.

जन्म १८३१, इंग्लंडमधल्या हल गावी. वडील चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये हेन्री ग्रे आणि कार्टर यांनी सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन केलं. ग्रेने लिहायचं, कार्टरने काढायचं. तेही लाकडी ठोकळ्यावर, आरशातल्यासारखं उलटं, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. खोडरबर घासून शीट फाडणाऱ्या आपल्या जमातीने कल्पना करावी! टेबलावरची प्रेतं होती गरिबांची, कुणी न्यायला न आलेल्यांची. त्यांची नावं कुठेच नाहीत.

खरी अडचण अशी, की माणूस काही स्टँडर्ड पार्ट नाही. दंडातली मोठी धमनी बहुधा कोपराशी दुभंगते. पण रिचर्ड क्वेन या सर्जनने ४८१ हातांची नोंद ठेवली, त्यात ९४ हातांत दंडातच एकीच्या जागी दोन धमन्या निघाल्या. म्हणजे पाचात जवळजवळ एक! मज्जातंतूंचंही तसंच. सर्जनने एकच आकृती पाठ करून सुरी चालवली तर भलतंच कापलं जायचं. म्हणून ग्रेच्या पुस्तकात धमन्यांच्या वर्णनाबरोबर असे वेगळेपणही नोंदवलेत. आपल्याकडच्या रक्तदान शिबिरात माझ्या कोपराशी शीर सापडेना, तेव्हा सिस्टरबाईंनी बोटाने चाचपून ती जरा बाजूला शोधली. आकृती पाठ असली तरी बोटांना हे यावंच लागतं.

पुस्तक १८५८ मध्ये निघालं. कार्टर तोवर मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीचा प्राध्यापक. मुखपृष्ठाच्या प्रुफावर ग्रेने त्याचं हे पद खोडलं आणि नावाचा टाइप लहान करायला सांगितलं. पैशांचंही तेच. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड, कार्टरला एकदाच १५०. मला हे अजिबात पटत नाही. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेला, अवघा चौतीस वर्षांचा. त्याच्यावर फार रागावताही येत नाही.

कार्टर इकडे कामाला लागलेला. शेतात अनवाणी राबणाऱ्यांचा पाय सुजतो, त्याला भोकं पडून दाणे गळतात, तो रोग बुरशीमुळे होतो हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. १८६३ पासून काही वर्षं तो साताऱ्याचा सिव्हिल सर्जन होता. कुष्ठरोग समजून घ्यायला नॉर्वेला जाऊन आला. १८७७ च्या सुमारास मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ होती, तेव्हा रुग्णांच्या रक्तात त्याने मळसूत्रासारखे वळलेले जंतू पाहिले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. ग्रँट मेडिकलचा तो प्राचार्यही झाला. १८८८ मध्ये निवृत्त होऊन परतला आणि १८९७ मध्ये स्कारबरोला वारला. पुस्तक ग्रेच्या नावाने अजूनही निघतं.