विश्लेषण : ३०० रुग्णांचे सांधे फसले, मग सापडले उत्तर! आधुनिक कृत्रिम खुब्याचे जनक जॉन चार्नली कोण होते?

नौपाड्यात घंटाळी, गोखले रोड, राम मारुती रोड परिसरातील अनेक जुन्या इमारतींना आजही लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ज्येष्ठांचा गुडघा किंवा खुबा दुखू लागला, की घराबाहेर पडणेच कमी होते. मग घरात चर्चा सुरू होते, सांधा बदलून घ्यायचा का? डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते, खर्च किती, याची चौकशी होते. शरीरात बसवला जाणारा भाग किती वर्षे टिकेल आणि ते कशावरून ठरते, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. हाच प्रश्न ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक सर जॉन चार्नली यांच्या आयुष्याचा विषय होता. त्याचे उत्तर त्यांना एका मोठ्या अपयशानंतर मिळाले.

कोण होते जॉन चार्नली?

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायरच्या बरी या गावात झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९३५ मध्ये डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय सेवेत होते. डंकर्कच्या माघारीचा अनुभव त्यांनी घेतला. पुढे इजिप्तमध्ये असताना जखमी सैनिकांसाठी स्प्लिंट आणि उपकरणे तयार करण्याच्या कामात ते रमले. डॉक्टर असूनही लेथ मशीन आणि वर्कशॉपची ओढ त्यांना कायम राहिली.

प्रयोग करण्याची सवय इतकी, की हाडाचे कलम कसे जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करून घेतली. तिथे जंतुसंसर्ग झाला आणि आणखी शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

कुरकुरणाऱ्या सांध्याने काय शिकवले?

त्या काळी खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याजागी अॅक्रिलिकचा गोळा बसवण्याची पद्धत होती. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी ती आणली होती. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. तो हालचाल करताना सांध्यातून कुरकुर असा आवाज येई. जेवणाच्या टेबलावर तो पुढे झुकला, की बायको वैतागून खोलीबाहेर जाई.

ऐकायला हा किस्सा गमतीचा वाटतो. चार्नली यांना मात्र त्यात यंत्रशास्त्राचा प्रश्न दिसला. आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे. घर्षण जास्त म्हणजे प्रत्येक पावलाला गोळा हाडातून सैल होत जाणार. मग निसर्गाने दिलेला सांधा वर्षानुवर्षे आवाज न करता कसा फिरतो?

त्यांनी निरोगी सांध्यातील घर्षण मोजले. ते बर्फावर सरकणाऱ्या स्केटपेक्षाही कमी निघाले. हाडांच्या टोकावरची कूर्चा आणि सांध्यातील द्रव यांची ही किमया होती. संधिवातात कूर्चाच झिजते आणि धातू किंवा प्लॅस्टिकवर हा द्रव तसे काम करत नाही. त्यामुळे वंगणावर विसंबता येणार नाही, वापरायचा पदार्थच मुळात निसरडा हवा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

गोळा लहान का केला?

निसरडा पदार्थ म्हणून त्यांनी टेफ्लॉन निवडले. नॉनस्टिक तव्यावर असते तेच. खुबा हा उखळीचा सांधा. त्यात टेफ्लॉनची उखळी आणि स्टीलचा गोळा, अशी जोडी त्यांनी तयार केली.

दुसरा बदल आकाराचा होता. जाड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर कमी जोर लावूनही सहज फिरतो, कारण त्रिज्या वाढली की पीळ वाढतो. सांध्यात हाच पीळ उखळी सैल करतो. म्हणून चार्नली गोळा टप्प्याटप्प्याने लहान करत गेले आणि सुमारे २२ मिलिमीटरवर थांबले. गोळा लहान झाल्याने उखळीची भिंतही जाड ठेवता आली. तिसरी गोष्ट म्हणजे बोन सिमेंट. मँचेस्टरमधील दंतवैद्यक क्षेत्रातील डेनिस स्मिथ यांच्या मदतीने त्यांनी अॅक्रिलिक सिमेंट वापरून हे भाग हाडात घट्ट बसवले.

टेफ्लॉनचा प्रयोग का फसला?

सुरुवातीचे निकाल थक्क करणारे होते. काठी टेकत आलेले रुग्ण विनावेदना चालू लागले. सुमारे ३०० रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. दोन-तीन वर्षांत मात्र चित्र पालटले. टेफ्लॉन निसरडे होते, पण टणक नव्हते. स्टीलचा गोळा त्यात रुतत गेला. झिजून निघालेल्या कणांमुळे आजूबाजूच्या ऊतींना सूज आली, हाड खराब झाले आणि सांधे सैल झाले.

चार्नली यांनी हे अपयश लपवले नाही. ज्यांना सांधे बसवले होते, त्यांच्यावर त्यांनीच पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हा धडा त्यांना रुग्णांच्या वेदनेतून मिळाला.

यंत्रमागाचा भाग खुब्यात कसा आला?

ठाण्याजवळ भिवंडी आहे, तसा मँचेस्टरभोवती लँकेशायरचा कापड उद्योग होता. तिथल्या मागांसाठी प्लॅस्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता १९६२ मध्ये रायटिंग्टन रुग्णालयात आला. त्याच्याकडे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन होते. ते म्हणजे पिशव्यांच्या पॉलिथिनचेच, पण कितीतरी चिवट भावंड. चार्नली यांना तो तुकडा निरुपयोगी वाटला.

त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेले असताना तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. तीन आठवडे यंत्र चालले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, त्यापेक्षाही हा पदार्थ कमी झिजला होता. परत आल्यावर आकडे पाहून चार्नली यांनी आपले मत बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची उखळी पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली.

याच काळात त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी नाहीत. ही निरीक्षणे १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

विक्रीवर बंधन कशासाठी?

एकदा पोळल्यावर चार्नली सावध झाले होते. नव्या सांध्याला मागणी असूनही तो सर्रास विकू देण्यास त्यांनी अनेक वर्षे नकार दिला. रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकलेल्या सर्जनांनाच तो मिळे. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी मिळावा, अशी विनंती ते रुग्णांना करत. वीस वर्षांनी आत काय होते, हे त्यांना पाहायचे होते.

जंतुसंसर्ग रोखण्यासाठी त्यांनी शुद्ध हवेचे बंदिस्त शस्त्रक्रियागृह आणि सर्जनसाठी खास पोशाख तयार करवून घेतला. सुमारे ७ टक्क्यांवर असलेले संसर्गाचे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आले. त्यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९७७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी बसवलेले अनेक सांधे मात्र त्यानंतरही चालत राहिले.

आजच्या रुग्णांशी याचा संबंध काय?

धातू आणि पॉलिथिलीन ही जोडी पुढे गुडघ्यातही आली. रायटिंग्टनमध्ये काम केलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन त्यात आघाडीवर होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईतील ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यानंतर ही शस्त्रक्रिया भारतात घरोघरी माहीत झाली. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली.

चार्नली यांचा धडा मात्र पुन्हा विसरला गेला. डीप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. झिजलेल्या धातूच्या कणांचा त्रास भारतातील रुग्णांनाही झाला आणि त्यांच्या भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे मॉडेल किती वर्षांपासून वापरात आहे? आणि दहा-पंधरा वर्षांनंतर त्याचे निकाल काय आहेत? ‘नवीन’ म्हणजे ‘चांगले’ असेलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवावे. उद्या एखादे मॉडेल परत मागवले गेले, तर आपल्या शरीरात नेमके काय आहे, हे त्या स्टिकरवरूनच कळेल.