उपेक्षित होरेस वेल्स

रूट कॅनालचे नाव निघताच रुग्ण धास्तावतो, मग तो कळंबचा असो वा पुण्याचा. भुलीच्या इंजेक्शनाने हा त्रास आज बराच सुसह्य झाला आहे. मात्र, दंतोपचारात भुलीची वाट दाखवणाऱ्या होरेस वेल्स यांच्या वाट्याला उपहासच आला.

१८१५ मध्ये अमेरिकेत जन्मलेले वेल्स हार्टफर्ड येथे दंतवैद्य होते. १० डिसेंबर १८४४ रोजी हास्यवायूच्या जाहीर खेळात एका तरुणाच्या पायाला जखम झाली, पण त्याला ती जाणवली नाही. वेल्स यांनी दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पहिला प्रयोग स्वतःवर, हे विशेष! जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनच्या प्रात्यक्षिकात मात्र वायू अपुरा पडला, रुग्ण ओरडला आणि वेल्स थापाडे ठरले. पुढच्या वर्षी त्यांचेच जुने भागीदार विल्यम मॉर्टन यांनी बोस्टनमध्ये ईथर वापरून कीर्ती मिळवली.

क्लोरोफॉर्मच्या प्रयोगांतून वेल्स यांना व्यसन जडले. मनाचा तोल ढळून हातून गुन्हा घडला. २४ जानेवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कच्या तुरुंगात, ३३व्या वर्षी त्यांनी जीवन संपवले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने त्यांचे श्रेय मान्य केले ते १८६४ मध्ये. घाबरणाऱ्या रुग्णांना काही दवाखान्यांत आजही ऑक्सिजनसोबत दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड, तो हाच वायू.