परंड्याचा किल्ला व वजीर महमूद गवान

परंड्याचा तट पाहून जो तो बांधणाराची वाखाणणी करितो. पण परंपरा ज्याचें नांव त्या किल्ल्याशीं जोडिते, त्या महमूद गवानाचा अंत कसा झाला हें थोड्यांसच ठाऊक असतें. हा इराणांतील गिलान प्रांतींचा व्यापारी. १४५३ च्या सुमारास दक्षिणेंत आला आणि तागडी सोडून (आमच्या व्यापारी वाचकांनीं लक्षांत घ्यावें!) बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. गोवें त्यानें जिंकिलें, बेदरास मदरसा बांधिला; परंतु त्याची खरी कर्तबगारी राज्यव्यवस्थेंत. चार तरफांचे त्यानें आठ केले, जमीन मोजविली आणि तरफदारांकडे एकेकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यांत घेतले. ज्यांचे किल्ले गेले ते स्वस्थ कसे बसणार? मोहोर सांभाळणाऱ्या गुलामास फितवून त्यांनीं कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठविला आणि ओरिसाच्या राजास स्वारीचें आमंत्रण त्यावर लिहिलें. मद्यधुंद मुहंमदशहानें कसलीही चौकशी न करितां ५ एप्रिल १४८१ रोजीं त्या वृद्धाचा शिरच्छेद करविला. मागाहून झडती घेतली तों घरांत संपत्ति अगदींच थोडी निघाली! सुलतान १४८२ त वारला. पुढें तरफदार एकामागून एक स्वतंत्र झाले आणि परंडा निजामशाहींत गेला.