सिनेमाने ज्याला फास्ट बंदूकवाला केलं, त्या वायट अर्पचं रिव्हॉल्व्हर कमरेवरून निसटून पडलं होतं

9 जानेवारी 1876. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं विचिटा गाव. रविवारची रात्र. एका सलूनच्या मागच्या खोलीत दोन-तीन जण गप्पा मारत बसले होते. त्यातला एक जण गावचा पोलीस होता. बोलता बोलता त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर निसटलं, खुर्चीवर आदळलं आणि धाडकन गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली, भिंतीवर आपटली आणि छतातून बाहेर पडली. कुणाला लागली नाही, पण दोन-तीन दिवसांत गावच्या पेपरात बातमी छापून आली.

त्या पोलिसाचं नाव वायट अर्प.

पुढे हॉलीवूडने याच माणसावर ढीगभर पिक्चर काढले. मांडीपर्यंत लोंबणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं कातडी म्यान, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर आलेली बंदूक, असा तो पडद्यावर दिसतो. पण खऱ्या वायट अर्पच्या आयुष्यात प्रश्न बंदूक किती झटकन निघते, हा नव्हताच. ती ठेवायची कुठे, हा होता. आणि या प्रश्नाने त्याला आयुष्यभर पिडलं.

वायटचा जन्म 19 मार्च 1848 चा, इलिनॉय राज्यातल्या मॉनमथ गावचा. तरुणपणी त्याने बरेच उद्योग केले. 1871 मध्ये त्याच्यावर घोडेचोरीचा आरोपही झाला होता. 1875 मध्ये तो विचिटात पोलीस म्हणून लागला.

आता ती गोळी चाप न ओढता सुटली कशी? त्या काळच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या बसायच्या. सहाही भरल्या की मागचा हॅमर थेट एका काडतुसावर टेकून राहायचा. हॅमरवर दणका बसला की खेळ खल्लास. म्हणून जाणकार लोक पाचच गोळ्या भरायचे आणि हॅमरखालचा खाना रिकामा ठेवायचे. वायटने त्या रात्री ही काळजी घेतली नव्हती.

म्हणूनच त्या काळातली साधी होल्स्टर सिनेमातल्यासारखी नव्हती. ती कमरेला उंच बसायची आणि बरीच खोल असायची. रिव्हॉल्व्हरचा मोठा भाग कातड्यात बुडालेला असायचा. सैनिकांच्या होल्स्टरला तर वरून झाकण असायचं. माणूस दिवसभर घोड्यावर असायचा, त्यामुळे बंदूक पडू नये आणि धूळ-पावसापासून वाचावी हे महत्त्वाचं. झटकन काढता येणं त्यानंतर.

विचिटानंतर वायट डॉज सिटीत पोलिसात होता. 1879 च्या डिसेंबरमध्ये तो भावांसोबत ॲरिझोनातल्या टूमस्टोनला पोहोचला. तिथे चांदीच्या खाणी लागल्या होत्या आणि गावात पैसा खेळत होता.

ऑक्टोबर 1880 मध्ये तिथल्या एका घटनेने पुन्हा हाच धडा दिला. मार्शल फ्रेड व्हाईट रात्री कर्ली बिल नावाच्या माणसाचं पिस्तूल काढून घेत होता. वायट मदतीला धावला, पण त्याच्याकडे तेव्हा बंदूकच नव्हती. ओळखीच्या एकाकडून त्याने ती मागून घेतली. व्हाईटने नळीला धरून पिस्तुलाला हिसका दिला आणि गोळी सुटली. वायटने कर्ली बिलच्या डोक्यात पिस्तूल हाणून त्याला आडवं केलं. व्हाईट दोन दिवसांनी वारला. जाण्याआधी त्याने हा अपघात असल्याचं सांगितलं होतं. कोर्टात वायटनेही कर्ली बिलच्या बाजूने साक्ष दिली, कारण ते पिस्तूल हॅमर अर्धवट चढलेला असतानाही उडत होतं.

एप्रिल 1881 मध्ये टूमस्टोनने नियमच केला की गावात हत्यार घेऊन फिरायचं नाही. आलेल्याने ते तबेल्यात किंवा सलूनमध्ये जमा करायचं.

याच नियमावरून 26 ऑक्टोबर 1881 ला ओके कोरालची प्रसिद्ध चकमक झाली. वायटचा भाऊ व्हर्जिल मार्शल होता. वायट, मॉर्गन आणि डॉक हॉलिडे त्याच्यासोबत निघाले. वाटेत शेरीफ बेहान भेटला. वायटच्या साक्षीनुसार, समोरच्यांची हत्यारं काढून घेतल्याचं बेहानने सांगितलं. त्यामुळे वायटने आपलं पिस्तूल ओव्हरकोटच्या खिशात टाकलं. व्हर्जिलने आपलं पिस्तूल कमरेच्या डाव्या बाजूला सरकवलं आणि उजव्या हातात काठी धरली.

पुढे गेल्यावर दिसलं की बिली क्लँटन आणि फ्रँक मॅकलॉरी यांच्या कमरेला पिस्तुलं तशीच होती. पहिली गोळी कुणी झाडली यावर आजही वाद आहे. साधारण 30 सेकंदांत 30 च्या आसपास गोळ्या सुटल्या आणि तिघे मेले. व्हर्जिल आणि मॉर्गन जखमी झाले, डॉकला गोळी चाटून गेली. वायटला ओरखडाही आला नाही. त्या दिवशी त्याचं पिस्तूल होल्स्टरमधून नाही, तर कोटाच्या खिशातून निघालं होतं.

शहरात कोटाचा खिसा चालून गेला. रानात मात्र पट्टाच लागायचा, आणि तिथे त्याने दगा दिला.

1882 च्या मार्चमध्ये मॉर्गनला गोळ्या घालून मारण्यात आलं. वायट साथीदारांना घेऊन मारेकऱ्यांच्या मागावर निघाला. 24 मार्चला ही टोळी व्हेटस्टोन डोंगरातल्या आयर्न स्प्रिंग्ज या पाणवठ्यावर पोहोचली. उकाडा खूप होता, म्हणून वायटने वाटेत काडतुसांचा पट्टा सैल केला होता. पाण्याजवळ अचानक गोळीबार सुरू झाला. वायटने घोड्यावरून उतरून शॉटगन चालवली. त्याच्या म्हणण्यानुसार त्यात कर्ली बिल ठार झाला, काहींनी मात्र ते कधीच मान्य केलं नाही. नंतर तो घोड्यावर चढायला गेला तर पाय उचलेना. सैल पट्टा घसरून मांड्यांवर आला होता आणि दोन्ही पाय जखडले होते. समोरून गोळ्या येत होत्या, घोडा बिथरला होता आणि हा गडी पट्टा वर ओढत होता. कोटाला भोकं पडली, पण अंगाला गोळी लागली नाही.

पुढे 2 डिसेंबर 1896 ला सॅन फ्रान्सिस्कोत शार्की आणि फिट्झसिमन्स यांची मोठी बॉक्सिंग लढत होती आणि रेफ्री होता वायट. तो कपड्यांखाली रिव्हॉल्व्हर घेऊन थेट रिंगमध्ये उतरला. पोलीस कॅप्टनने हजारो लोकांसमोर ते काढून घेतलं आणि नंतर त्याला 50 डॉलरचा दंड झाला. रोजची सवय होती, पण शहर बदललं होतं आणि काळही.

13 जानेवारी 1929 ला लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या 80 व्या वर्षी वायट घरीच वारला. दोन वर्षांनी स्टुअर्ट लेक यांचं त्याच्यावरचं पुस्तक आलं. त्यात वायटकडे 12 इंच नळीचं खास कोल्ट असल्याचं लिहिलं होतं. इतिहासकारांना त्याचा पुरावा सापडलेला नाही. पण 1955 ते 1961 दरम्यान चाललेल्या टीव्ही मालिकेतला वायट हीच लांब बंदूक मिरवायचा. त्याच दशकात हॉलीवूडमध्ये आतून धातू बसवलेली, बंदूक झटकन निघावी अशी होल्स्टर तयार झाली आणि ती अनेक काउबॉय नटांच्या कमरेला दिसायला लागली.

खऱ्या वायटच्या नशिबी निसटलेलं रिव्हॉल्व्हर, कोटाचा खिसा, घसरलेला पट्टा आणि 50 डॉलरचा दंड होता. एवढं सगळं होऊनही त्याला आयुष्यभरात एकही गोळी लागली नाही. सगळ्यात जवळून गेलेल्या गोळ्यांपैकी एक तर त्याच्या स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची होती.