जॉन वेस्ली आणि त्यांचा शुक्रवारचा उपास

लेंतचे दिवस जवळ आले की आपल्या मंडळ्यांतून दरवर्षी तोच प्रश्न निघतो. आपण प्रॉटेस्टंट लोकांनी उपास करावा की करू नये? एक पक्ष म्हणतो, आपले तारण कृपेने झाले आहे. पोट रिकामे ठेवून देवाला कोणी प्रसन्न करून घेतले आहे काय? दुसरा पक्ष वाद घालीत नाही. तो राखेच्या बुधवारपासून मटण बंद करतो आणि ईस्टरपर्यंतचे दिवस बोटांवर मोजीत बसतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण शेजाऱ्यांच्या घराकडे पाहून म्हणतो खरे, पण मटणाच्या जागी मासळी आणि मासळीच्या जागी गोडधोड करणारी ख्रिस्ती घरेही पुष्कळ आहेत.

या दोन्ही पक्षांनी ज्यांचे चरित्र ऐकावे असे एक गृहस्थ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेले. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील मेथडिस्ट मंडळ्यांना त्यांचे नाव नवे नाही, आणि इतर मंडळ्याही त्यांच्या भावाची गीते भाषांतरात गातातच. ते म्हणजे जॉन वेस्ली. त्यांच्या चरित्रातील घोड्यावरचा प्रवास, मैदानातील प्रवचने हे भाग आपण शब्बाथ शाळेत ऐकलेले असतात. त्यांच्या ताटाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

त्यांचा जन्म १७०३ साली लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युएल तेथील पाळक. आई सुसॅना हिला एकोणीस मुले झाली. त्यांतील निम्म्याच्या आसपास जगली. ही बाई शिस्तीची फार. एक वर्षाचे मूलही हळू रडायला शिकले पाहिजे असा तिचा नियम होता, आणि दोन जेवणांच्या मध्ये कोणालाही काही खायला मिळत नसे. पण शिस्तीबरोबर तिने वेळही दिला. एवढ्या संसारात ती प्रत्येक मुलाबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ एकटी बसे व त्याच्या आत्म्याची विचारपूस करी. जॉनची संध्याकाळ गुरुवारची होती. मोठेपणीही ती गुरुवारची संध्याकाळ ते विसरले नाहीत.

दहाव्या वर्षी त्यांना लंडनच्या चार्टरहाऊस शाळेत घातले. तेथे मोठी मुले लहानांच्या वाट्याचे मांस उचलून नेत. म्हणून चार वर्षे जॉनच्या पोटात बहुधा नुसती भाकरीच गेली, तीही पोटभर नव्हे. दुसरा कोणी असता तर जन्मभर कुरकुरला असता. वेस्लींनी म्हातारपणी आपल्या चांगल्या प्रकृतीचे श्रेय त्या भाकरीलाच दिले.

पुढे ते ऑक्सफर्डला शिकले, १७२५ साली डीकन झाले, १७२६ साली लिंकन कॉलेजचे फेलो झाले. १७२९ पासून ते, धाकटा भाऊ चार्ल्स, विल्यम मॉर्गन आणि आणखी काही तरुण एकत्र जमू लागले. मूळ ग्रीक नवा करार वाचणे, वारंवार प्रभुभोजन घेणे, तुरुंगातील कैद्यांना भेटणे, गरिबांच्या मुलांना शिकवणे असा त्यांचा क्रम होता. तुरुंगाची वाट प्रथम मॉर्गनने दाखवली. इतर विद्यार्थी हसत व त्यांना पवित्र क्लब, मेथडिस्ट अशी नावे ठेवीत. ही मंडळी पुढे पुरातन मंडळीच्या प्रघाताप्रमाणे बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत अन्न घेईनाशी झाली.

१७३२ च्या ऑगस्टमध्ये मॉर्गन डब्लिनला वारला, आणि ऑक्सफर्डमध्ये बोलवा उठली की वेस्ली बंधूंनी त्याला उपासाने मारले. हा आरोप लहान नव्हता. वेस्लींनी मृताच्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. मॉर्गनने दीड वर्षापूर्वीच उपास सोडला होता आणि स्वतः वेस्लींना तर उपास सुरू करून सहा महिनेही झाले नव्हते, हे त्यांनी तारखांनिशी दाखवले. वडिलांचे समाधान झाले असावे, कारण पुढच्या वर्षी त्यांनी आपला दुसरा मुलगा शिकायला वेस्लींच्याच हाती दिला.

तरी धोका खोटा नव्हता. १७३५ सालच्या लेंतमध्ये तो पुरता दिसून आला. जॉर्ज व्हिटफील्ड नावाचा ग्लॉस्टरच्या खाणावळीतला एक गरीब मुलगा या क्लबात आला होता. पुढे तो फार मोठा सुवार्तिक झाला. तेव्हा वय वीस. जिवाला शांती मिळत नाही म्हणून त्याने लेंतभर, शनिवार-रविवार वगळून, जाडीभरडी भाकरी आणि साखरेवाचून सेजच्या पाल्याचा काढा एवढ्यावर राहायचे ठरवले. थंडीत पहाटे तो बाहेर फिरे. दुःखसहनाचा आठवडा आला तेव्हा त्याला जिनाही चढवेना. डॉक्टर आणावा लागला, आणि तो सुमारे सात आठवडे अंथरुणाला खिळला. त्याआधी तर या तरुणाने सर्व बाह्य साधने टाकून स्वस्थ बसायचे मनात घेतले होते. चार्ल्सने त्याला जॉनकडे पाठवले. जॉन यांनी दिलेला सल्ला पाहण्याजोगा आहे: साधने पुन्हा सुरू कर, पण त्यांच्यावर तिळमात्र भिस्त ठेवू नकोस.

सल्ला अचूक होता. मौज अशी की सल्ला देणाराला तो अजून स्वतःला लावता आला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेस्ली अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत मिशन कामासाठी निघाले. जहाजावर त्यांनी मांस व द्राक्षारस सोडला. भात व बिस्किटे हे मुख्य अन्न. पुढे रात्रीचे जेवणही सोडले. जॉर्जियात एका सोबत्याबरोबर त्यांनी नुसत्या भाकरीवर राहून पाहिले, आणि प्रकृती ठणठणीत राहिली. शरीर इतके ताब्यात होते. पण जहाजावर वादळ झाले तेव्हा मोरावियन लोक बायकामुलांसह शांतपणे स्तोत्र गात राहिले आणि वेस्ली मात्र मरणाला भ्याले. जॉर्जियातील काम फसले, एका स्त्रीला प्रभुभोजन नाकारल्यावरून खटले उभे राहिले, आणि १७३८ च्या आरंभी ते इंग्लंडला परत आले ते खचूनच. इंडियन लोकांचे परिवर्तन करायला गेलो होतो, माझे कोण करणार, असा विचार त्यांना जाळीत होता. दहा-बारा वर्षांचे नियम, उपास, पहाटेचे उठणे, यांनी जे दिले नाही ते २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहान सभेत मिळाले. रोमकरांस पत्राला मार्टिन लूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचीत होते. ऐकता ऐकता आपल्या पापांची क्षमा ख्रिस्ताने केली आहे अशी त्यांची खात्री पटली.

आता आमच्या पहिल्या पक्षाला वाटेल की झाले, उपास संपला. तसे झाले नाही. लंडनच्या फेटर लेन मंडळीत काही जण नेमके असेच शिकवू लागले की पक्का विश्वास येईपर्यंत प्रार्थना, उपास, प्रभुभोजन यांपासून दूर राहून स्वस्थ बसावे. वेस्लींनी बरेच समजावले आणि शेवटी १७४० च्या जुलैत ते त्यांच्यापासून वेगळे झाले. त्यांच्या मंडळ्यांनी १७३९ सालीच ठराव केला होता की आपल्या चर्चच्या नियमाप्रमाणे वर्षातील सर्व शुक्रवार पाळावेत. १७४३ च्या सामान्य नियमांत उपास किंवा अन्नसंयम हा प्रार्थना व शास्त्रवाचन यांच्या पंक्तीला बसवला आहे.

डोंगरावरील प्रवचनावर त्यांनी जी प्रवचनमाला छापली तिच्यात मत्तय ६ मधील उपासावरचे एक प्रवचन आहे. त्यात ते दोन्ही बाजूंचे कान धरतात. उपास म्हणजेच सारा धर्म असे मानणारे चुकले, आणि उपास काहीच नव्हे असे मानणारेही चुकले. ज्याला पूर्ण उपास झेपत नाही त्याने थोडे खावे. आजाऱ्याने निदान आवडीचा पदार्थ बाजूला ठेवावा. शरीर ही देवाची देणगी आहे, ते मोडून टाकायचे नाही. आणि यशयाच्या ५८ व्या अध्यायाचा आधार घेऊन ते सांगतात की उपासाबरोबर दानधर्म हवाच. (मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे प्रवचन जरूर लक्षात घ्यावे.)

आता चहाची गोष्ट. आपल्या वाचकांना ती सर्वांत जवळची वाटेल. त्या काळी इंग्लंडात चहा महाग होता, आणि गरीब माणसेही त्यापायी पैसे घालवीत. वेस्लींना स्वतःला ऑक्सफर्डपासूनची सव्वीस वर्षांची सवय. तरुणपणी नाश्त्यानंतर हात कापे, दोन-तीन दिवस चहा बंद केला की कंप थांबे, हे त्यांनी टिपून ठेवले होते. १७४६ च्या जुलैत लंडनच्या मंडळीतील पुढाऱ्यांशी बोलून त्यांनी ठरवले की गरिबांना चहा सोडा म्हणायचे तर आधी आपण सोडला पाहिजे. पहिले तीन दिवस डोके दुखत राहिले, सकाळपासून रात्रीपर्यंत झापड. तिसऱ्या दिवशी दुपारी तर स्मरणशक्तीच गेल्यासारखी झाली. संध्याकाळी ते प्रार्थनेला बसले, आणि गुरुवारी सकाळी डोके साफ. चहा अचानक सोडल्याने असे होते आणि काही दिवसांत उतरते, हे आज डॉक्टर सांगतात. मीही एका लेंतमध्ये हा प्रयोग केला होता. दुसऱ्या दिवशी घरच्यांनीच कप पुढे ठेवला, माझ्या डोकेदुखीसाठी नव्हे, माझ्या तोंडाला कंटाळून. वेस्लींची डोकेदुखी घरच्यांपर्यंत पोहोचली की नाही ते रोजनिशीत नाही.

वाचलेल्या पैशाचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. त्याच उन्हाळ्याच्या सुमारास त्यांनी गरिबांसाठी उसनवारीचा एक निधी सुरू केला. वर्गणी जमली ती जेमतेम तीस पौंड सोळा शिलिंग. एका माणसाला वीस शिलिंगांपर्यंत द्यायचे, व्याज नाही, तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्याने फेडायचे. एवढ्याशा रकमेतून दीड वर्षात २५५ माणसांची नड भागली.

बारा वर्षांनी डॉक्टर फॉदरगिल यांच्या सल्ल्यावरून त्यांनी चहा पुन्हा घेतला. कोणी म्हणेल, मग नियम मोडला की. मला तर यातच त्यांचे शहाणपण दिसते. चहा हा त्यांच्या दृष्टीने पाप कधीच नव्हता. लंडनमधील त्यांच्या घरात त्यांची भलीमोठी चहादाणी जपून ठेवलेली आहे.

पैशाच्या बाबतीतही हाच हिशेब. ऑक्सफर्डला वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा ते अठ्ठावीसमध्ये भागवून दोन दान करीत. साठ मिळू लागले तरी खर्च अठ्ठावीसच, दान बत्तीस. नव्वद झाले, एकशेवीस झाले, खर्च हलला नाही. या निश्चयामागे एक जुनी बोच असावी. एका कडाक्याच्या थंडीत, ते चालवीत असलेल्या शाळेतील एक मुलगी पातळ झग्यात कुडकुडत त्यांच्याकडे आली. त्यांनी खिशात हात घातला, तर पैसे जवळजवळ संपलेले. आणि खोलीच्या भिंती मात्र चित्रांनी सजवलेल्या. त्या भिंतींची आठवण त्यांनी म्हातारपणीच्या प्रवचनात सांगितली आहे. १७७६ साली सरकारी कर खात्याने त्यांच्याकडे चांदीच्या भांड्यांची चौकशी केली. त्यांनी कळवले की लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत. भोवतालच्या इतक्या लोकांना भाकरी नसताना आणखी घेणार नाही.

सगळेच अनुकरणीय होते असे मात्र म्हणवत नाही. किंग्सवुडच्या शाळेत त्यांनी मुलांना पहाटे चारला उठवले आणि खेळ अजिबात बंद ठेवला. आई सुसॅनाची गुरुवारची संध्याकाळ तेथे कोणी दिली नाही, आणि शाळा त्यांच्या मनासारखी कधी चालली नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. १७५१ साली केलेले लग्नही सुखाचे झाले नाही. बायकोसाठी एक प्रवचन कमी करणेही त्यांना मान्य नव्हते. स्वतःला लावायचा नियम दुसऱ्याला लावताना त्यांचा हात जड पडे.

१७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते गरिबांच्या कपड्यांसाठी लंडनच्या रस्त्यांतून दारोदार मागत फिरले. वितळणारे बर्फ घोट्यापर्यंत, पाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यात भिजलेले. दोनशे पौंड जमले, आणि ते जोराच्या जुलाबाने आजारी पडले. १७८९ साली डब्लिन येथे लिहिलेल्या एका प्रवचनात त्यांनी दुःखाने कबूल केले की आपले मेथडिस्ट लोक कष्टाळू झाले, त्यामुळे श्रीमंत झाले, आणि उपास विसरले.

२ मार्च १७९१ रोजी सकाळी त्यांचे देहावसान झाले. आपल्या प्रेताला गाडी नको, थाट नको. सहा गरीब माणसांनी खांद्यावर न्यावे व प्रत्येकाला एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. गर्दी होऊ नये म्हणून ९ मार्चला भल्या पहाटे, कंदिलांच्या उजेडात, सिटी रोडच्या चॅपलमागे त्यांना मूठमाती दिली. त्या वर्षी ईस्टर २४ एप्रिलला होता. म्हणजे तो दिवस राखेच्या बुधवारचा होता.