भूगोल शिकविणारे बाळशास्त्री

पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) 'दर्पण'कार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यातील शिक्षक मात्र आपण विसरलो. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी अध्यापन केले, कुलाब्याची वेधशाळा सांभाळली. जगाचे ज्ञान मातृभाषेतून मिळावे म्हणून भूगोलावर मराठीत पुस्तक लिहिले. १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, इतिहास, विज्ञान वाचकांपुढे मांडले. ऐन उमेदीत ते गेले.

जव्हार-मोखाड्याच्या माध्यमिक शाळांत भूगोल शिकविताना त्यांचे स्मरण व्हावे. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते; उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे मात्र तहानलेले राहतात. असे का, हे नकाशावर बोट ठेवून आपल्या भाषेत विचारणारा विद्यार्थी हेच बाळशास्त्रींचे खरे स्मारक होय.