सुरखीच्या चुन्यातला हिशेब

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, आणि त्यांच्या कृष्णराजसागर धरणाचा गौरवाने उल्लेख होतो. मात्र हे प्रचंड धरण सिमेंटमध्ये नव्हे, तर सुरखी मिसळलेल्या चुन्यात बांधलेले आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होत असताना तिचे स्मरण अगत्याचे आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली मुद्देनहळ्ळी या म्हैसूर संस्थानातील खेड्यात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून ते बंगळूरला पदवीधर झाले, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढल्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसविलेली त्यांची स्वयंचलित दारे म्हणजे उपलब्ध साधनातून अधिक पाणी साठविण्याचीच युक्ती होती.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कावेरीवरील धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले, तेव्हा पोरबंदरचा सिमेंट कारखानाही अजून सुरू व्हायचा होता. परदेशी सिमेंट आणणे म्हणजे संस्थानची तिजोरी रिकामी करणे होते. म्हणून भाजलेल्या मातीची भुकटी, म्हणजेच सुरखी, चुन्यात मिसळली गेली. ही काही त्यांची नवी शोधयुक्ती नव्हती. गवंड्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिच्यावर सुमारे १३० फूट उंचीच्या धरणाचा भार टाकण्याचे धैर्य मात्र हिशेबातून आले होते.

सुरखीचे काम केवळ भर घालण्याचे नसते. बेताने भाजलेल्या मातीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांचा चुन्याशी संयोग होऊन पाण्यातही घट्ट राहणारा बंध तयार होतो. माती अति भाजली, तर हा गुण नाहीसा होतो. आजचे संशोधन याच तत्त्वाकडे वळले आहे. सिमेंटचा क्लिंकर सुमारे १४५० अंशांवर भाजावा लागतो, आणि चुनखडी फुटताना वायू बाहेर पडतो तो वेगळाच. माती सुमारे ८०० अंशांवर भाजली की पुरते. तिच्यात चुनखडीची पूड मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणता येतो, उत्सर्जन सुमारे तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते आणि काँक्रीट अधिक जलरोधक होते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये अशा सिमेंटसाठी मानकही ठरविले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. विश्वेश्वरय्या जुन्याचे भाबडे पूजक नव्हते; मोठ्या उद्योगांचे ते कट्टर पुरस्कर्ते होते, आणि भद्रावतीचा लोखंड कारखाना त्यांनीच मार्गी लावला. त्यांची सुरखी स्वदेशीच्या भावनेतून नव्हे, तर किंमत, उपलब्धता आणि टिकाऊपणा यांच्या गणितातून आली. आपण मात्र बांधकामाच्या अंदाजपत्रकात सिमेंटच्या गोणीची किंमत मांडतो आणि तिच्या धुराची किंमत पुढच्या पिढीच्या खात्यावर टाकतो.

१९६२ साली विश्वेश्वरय्या निवर्तले. धरण आजही पाणी देत आहे. अभियंता दिनी हारासोबत त्या भिंतीतला चुनाही विद्यार्थ्यांना समजावून दिला, तर त्यांचे स्मरण सार्थ होईल.